तळटीप ३ : रुंद पल्ल्याचा सेंद्रिय संवेदक

३. लेखकाचा रोख सांता बार्बरा येथील अ‍ॅलन हीगर (रसायनशास्त्राचे नोबेल, २०००) व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या प्रकाश-संवेदकाकडे आहे. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. सिलिकॉनचे संवेदक ११००च्या आसपास हात टेकतात. हीगर यांचा संवेदक ३०० ते १४५०, म्हणजे अतिनीलापासून अवरक्तापर्यंतचा पट्टा एकटाच टिपतो. त्यासाठी प्रकाश शोषणारे बहुवारिक आणि इलेक्ट्रॉन ओढून घेणारे फुलरीनचे संयुग एकाच द्रावणात मिसळून त्याचा पातळ थर देतात. प्रकाशाने बहुवारिकात सैल झालेला इलेक्ट्रॉन जेमतेम दहाएक नॅनोमीटर जाईतो पुन्हा जागेवर बसतो. तेवढ्यात फुलरीन गाठले तरच प्रवाह मिळतो, म्हणून मिश्रण बारीक हवे. ‘अंधारातला प्रवाह’ लेखकाने एका वाक्यात उरकला आहे, पण खरी करामत तिथेच आहे. अवरक्तापर्यंत पोचायचे तर पदार्थातली ऊर्जेची फट अरुंद लागते, आणि फट अरुंद झाली की उजेड नसतानाही निव्वळ उष्णतेने प्रवाह झिरपू लागतो. तो अडवायला या संवेदकात मुख्य थराच्या दोन्ही अंगांना रोधक थर घातले होते.