आधी सुई की आधी घास?

मीरा रोडच्या आमच्या घरात ओट्यावर एक वजनकाटा आहे. त्यावर नातीची पोळी, केळे, उकडलेला बटाटा तोलला जातो. दोन वर्षांची असताना तिला टाइप १ मधुमेह असल्याचे कळले. त्याआधी आठवडाभर बाल्कनीत टाकलेल्या तिच्या ओल्या दुपट्यांना मुंग्या लागत होत्या आणि मी मुंग्यांची पावडर आणत होतो. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मुंग्या लघवीकडे धावतात अशी नोंद चरकसंहितेत आहे, हे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत आलो होतो!

सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार मानले: आईबापांच्या बीजातून आलेला सहज आणि कुपथ्याने जडलेला. पहिल्यातला रोगी कृश, तहानलेला, दुसऱ्यातला स्थूल. स्थूलाला लंघन द्यावे, कृशाचे मात्र अन्नपानाने पोषण करावे, असा त्याचा सल्ला आहे. सहज प्रमेह म्हणजेच आजचा टाइप १, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. पण कृश रोग्याला उपाशी ठेवू नये, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेला पटलेली नव्हती. तिथे फ्रेडरिक अ‍ॅलन हा डॉक्टर मुलांनाही जवळजवळ उपाशी ठेवून जगवत होता. तो क्रूर नव्हता. त्याच्या हाती दुसरे काही नव्हते. एलिझाबेथ ह्यूज १९१९ साली त्याच्याकडे आली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षांची ती मुलगी जेमतेम वीस किलोची होती. त्याच वर्षी ११ जानेवारीला लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली होती. एलिझाबेथ पुढे १९८१ पर्यंत जगली.

इन्सुलिन आले आणि प्रश्न उलटा झाला. आता भूक नसली तरी खाणे भाग होते. १९४६ साली डेन्मार्कमध्ये हेगेडॉर्नच्या प्रयोगशाळेत एनपीएच इन्सुलिन तयार झाले. त्याचा जोर सुई टोचल्यावर काही तासांनी चढतो. त्या वेळी पोटात अन्न नसेल तर साखर घसरणार. म्हणून अकराचे खाणे, चारचे खाणे, झोपताना दूध. ‘मधल्या वेळचे खाणे’ हा आपल्याकडे हौसेचा शब्द. मधुमेही मुलाच्या घरात तो घड्याळाचा हुकूम झाला. एका पोळीऐवजी किती भात, किती फळ, या हिशेबाचे अदलाबदलीचे तक्ते अमेरिकेत १९५० मध्ये निघाले. मुंबईत डॉ. श्री. स. आजगावकरांनी १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली. पथ्याची शिकवण हाही उपचाराचाच भाग आहे, हे इथे रुजायला त्यामुळे मदत झाली.

घड्याळाची पकड सैल केली ती १९९६ साली बाजारात आलेल्या झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनने. आता सुईने घासामागे जावे, घासाने सुईमागे नव्हे.

दोन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत या फरकाचे मोल मोठे आहे. सुई आधी टोचली आणि दुसऱ्या घासाला तिने ‘नको’ म्हटले, तर टोचलेले औषध परत काढता येत नाही. म्हणून तिच्या लहरीच्या दिवशी जेवण झाल्यावर सुई द्यायची मुभा डॉक्टरांनी दिली आहे. तरीही एका संध्याकाळी आकडा ५२ आला. मी पाऊण चमचा साखर पाण्यात ढवळत होतो, आणि पाहुण्या आलेल्या माझ्या वहिनी हात धरून म्हणाल्या, “अहो भाऊजी, साखरेच्या पोरीला साखर?” त्या क्षणी तेच औषध होते. अकरा किलोच्या मुलीला मोठ्यांसारखे तीन चमचे लागत नाहीत, पण पाऊण चमचा लागतोच. आईबाप लोकलने चर्चगेटला जातात. ‘आम्हाला जबाबदारी नको’ म्हणून एका पाळणाघराने तिला नाकारले. तेव्हापासून पाळणाघर मीच.

फराळाचे गणित वेगळेच. चकलीतले तेल साखर उशिरा चढू देते. खाल्ल्यावर तासाभराने आकडा पाहून खूश झालेला माणूस चार तासांनी फसतो. यंदा पहिली करंजी काट्यावर ठेवली. पारी किती, सारण किती, असे सून वहीत मांडत होती, तोवर नातीने ती उचलून चावाही घेतला. थोडी खाऊन झाल्यावर उरलेली तिने माझ्या हातात दिली. आम्ही ती पुन्हा तोलली, वजा केली, आणि मग सुई भरली.