यवतमाळ जिल्ह्यातील मुलकी अधिकारी आणि फौजदारी न्याय

ज्या अधिकाऱ्याने सरकारी सारा वसूल करावयाचा, त्यानेच गुन्ह्याचा निवाडाही करावयाचा, ही व्यवस्था इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत होती. वऱ्हाडात, आणि विशेषतः आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, तिला एक निराळे अंग होते. हा मुलूख कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता. तेथील न्यायालये इंग्रजांची, कायदे इंग्रजी; परंतु सार्वभौमत्व मात्र निजामाचे, अशी ही विलक्षण घडण होती. या घडणीचा मॅजिस्ट्रेटच्या अधिकारावर काय परिणाम झाला, आणि दिवाणी न्याय मुलकी खात्यापासून अलग झाल्यावरही फौजदारी न्याय इतका दीर्घ काळ त्याच खात्याकडे का राहिला, हे दोन प्रश्न या जिल्ह्याच्या इतिहासात एकमेकांत गुंतलेले आहेत.

२१ मे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. १८६० साली या तहाची फेरतपासणी झाली. धाराशिव व रायचूर हे भाग निजामास परत मिळाले आणि वऱ्हाड विश्वस्त या नात्याने इंग्रजांकडे राहिले. कारभाराचे सूत्र हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाती होते. १८६४ साली आग्नेय वऱ्हाडाचा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. मात्र त्याचे मुख्य ठाणे यवतमाळ येथे होते. १९०२ च्या करारान्वये निजामाने सालिना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायम पट्ट्याने दिले व १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या कारभाराखाली आले. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला, त्यातील पुसद तालुका वणी जिल्ह्यास जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद असे पाच तालुके त्यात होते.

सार्वभौमत्व निजामाकडे असल्यामुळे हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळाने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलने परराष्ट्रीय अधिकारक्षेत्राच्या सत्तेखाली तो जाहीरनाम्याने लागू करावा लागे, आणि लागू करताना त्यात स्थानिक परिस्थितीप्रमाणे फेरफारही करता येत. १८६० चे इंडियन पीनल कोड काय किंवा फौजदारी कामाचा कायदा काय, वऱ्हाडातील मॅजिस्ट्रेटच्या हाती ते याच वाटेने आले. जंगल, जमीनमहसूल, पाटील-पटवारी यांसंबंधीचे कायदे तर वऱ्हाडापुरते स्वतंत्रच झाले. १८८६ चा जंगल कायदा, १८९६ चा जमीनमहसूल कायदा आणि १९०० चा पाटील-पटवारी कायदा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. मध्यप्रांताच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी बसू लागले, तेव्हाही ही विसंगती टिकून राहिली. वऱ्हाडातील मतदारांनी निवडलेला सभासद निवडणुकीने नव्हे, तर त्या निवडणुकीस अनुसरून केलेल्या सरकारी नेमणुकीने सभासद होई. कारण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते.

परक्या मुलखातील अधिकार हा दिलेल्या मर्यादेपुरताच असतो, हे तत्त्व केवळ पुस्तकी नव्हते. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून निजामाच्या राज्यातील रेल्वे स्टेशनावर एका इसमास पकडण्यात आले होते. रेल्वेच्या जमिनीवरील इंग्रजांचा अधिकार रेल्वेच्या कामापुरता आहे, म्हणून ही अटक बेकायदेशीर ठरते, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८९७ साली दिला. वऱ्हाडात मात्र संपूर्ण कारभारच सोपविलेला असल्यामुळे अशा मर्यादेचा आधार सामान्य आरोपीस क्वचितच मिळण्यासारखा होता. सार्वभौम सत्ता एकाची आणि प्रत्यक्ष सत्ता दुसऱ्याची, अशा स्थितीत दाद मागण्याचे ठिकाण हैदराबादेस नव्हते. ते तालुक्याच्या कचेरीतच होते.

त्या कचेरीचे स्वरूप पाहू गेल्यास गावपातळीपासून आरंभ करावा लागतो. वऱ्हाडातील गावगाड्यात मुलकी पाटील व पोलीस पाटील अशी कामाची वाटणी होती. गुन्ह्याची खबर वर पोचविणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य. तालुक्याचा तहशीलदार हा साऱ्याच्या वसुलास जबाबदार असून शिवाय मॅजिस्ट्रेटही असे. त्याच्यावर असिस्टंट व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, आणि सर्वांवर डेप्युटी कमिशनर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट. १८९८ च्या फौजदारी कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटास दोन वर्षे कैद व एक हजार रुपये दंड, दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटास सहा महिने कैद व दोनशे रुपये दंड, तर तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटास एक महिना कैद व पन्नास रुपये दंड येथवर शिक्षा देता येई.

या श्रेणींपेक्षाही महत्त्वाचा भाग म्हणजे त्यांची परस्पर साखळी होय. जिल्ह्यातील सर्व मॅजिस्ट्रेट जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली असत. कामाची वाटणी तो करी. हाताखालच्या मॅजिस्ट्रेटपुढील खटला काढून घेऊन तो स्वतः चालविण्याचा किंवा दुसऱ्याकडे देण्याचा अधिकार त्याला होता. आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटांच्या निकालांवरील अपीलही त्याच्याकडेच जाई. हाच अधिकारी जिल्ह्याच्या शांततेस जबाबदार, पोलिसांच्या कामावर देखरेख करणारा आणि तहशीलदाराच्या वसुलीच्या कामाचा हिशेब घेणारा. तहशीलदाराची बढती व बदली ज्याच्या शेऱ्यावर अवलंबून, त्याच्याच इच्छेचा अंदाज घेऊन त्याने निकाल लिहावा, अशी ही रचनाच होती. व्यक्ती प्रामाणिक असली तरी हा दोष नाहीसा होत नव्हता.

कायदा करणाऱ्यांस या दोषाची जाणीव नव्हती असे नाही. ज्या खटल्यात मॅजिस्ट्रेटचा स्वतःचा संबंध असेल तो त्याने चालवू नये, असा नियम १८९८ च्या कायद्याच्या ५५६ व्या कलमात आहे. त्याखाली दिलेले उदाहरण मोठे उद्‌बोधक आहे. कलेक्टर या नात्याने एखाद्याने अबकारी कायद्याच्या भंगाबद्दल कुणावर खटला भरण्याचा हुकूम दिला, तर मॅजिस्ट्रेट या नात्याने त्यालाच तो खटला चालविता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. परंतु याच कलमाच्या स्पष्टीकरणाने केवळ सार्वजनिक अधिकाराच्या नात्याने असलेला संबंध हा अपात्रतेस पुरेसा मानलेला नाही. हुकूम देणारा व निकाल देणारा ही एकच व्यक्ती असू नये, एवढाच बंदोबस्त झाला. हुकूम देणाऱ्याच्या हाताखालील व्यक्तीने निकाल देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती.

सरकारपक्षाचे समर्थनही लक्षात घेण्यासारखे आहे. रयतेस एकच अधिकारी ओळखीचा असतो. एकाच ठिकाणी सत्ता असली म्हणजे न्याय जवळ, स्वस्त व त्वरित मिळतो. शेताचा बांध, गुरांची चराई, पाण्याचा हक्क यांवरील मारामारीचा निकाल जमिनीची माहिती असलेला तहशीलदारच नीट देऊ शकतो, असे हे म्हणणे होते. डोंगराळ व जंगलव्याप्त जिल्ह्यात, जेथे केळापूर व वणी भागांतील गोंड-कोलामांना यवतमाळची वाटही दूरची वाटे, तेथे या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण त्यातील त्वरिततेचा दावा व्यवहारात लंगडा पडे. मॅजिस्ट्रेट स्वारीवर निघाला की पक्षकार व साक्षीदार यांना त्याच्या मुक्कामामागे फिरावे लागते, ही या पद्धतीविरुद्धची देशभरची जुनी तक्रार होती. शिवाय मुलकी नोकरीत बदल्या वारंवार होत, आणि आधीच्या मॅजिस्ट्रेटने नोंदविलेल्या पुराव्यावर नव्याने आलेल्याने निकाल देण्याची मुभा कायद्यातच होती.

या जोडसत्तेविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८६ पासून वारंवार ठराव केले. कलकत्त्याचे बॅरिस्टर मनमोहन घोष यांनी प्रत्यक्ष खटल्यांची उदाहरणे संकलित केली. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन चेट्टूर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातच, अमरावतीस भरले. १८९९ साली लॉर्ड हॉबहाउस, सर रिचर्ड गार्थ, सर चार्ल्स सार्जंट, सर विल्यम वेडरबर्न प्रभृतींनी स्टेट सेक्रेटरीस अर्ज पाठविला. अर्जदारांत मुंबई व कलकत्ता हायकोर्टांचे माजी मुख्य न्यायाधीश होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मागणी राजकीय असंतोषातून निघालेली आहे, असे म्हणून ती बाजूला सारणे यामुळे कठीण झाले.

तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जी सुधारणा झाली ती दिवाणी बाजूस. दिवाणी काम मुलकी अधिकाऱ्यांकडून निघून जिल्हा न्यायाधीश, सबॉर्डिनेट जज्ज व मुनसफ यांच्याकडे गेले. या निवडीमागील कारण जिल्ह्याच्या अर्थव्यवहारात शोधता येते. कापसाच्या व्यापाराबरोबर जमिनीची गहाणखते, सावकारी दावे व हुकूमनाम्यांची बजावणी यांचा पसारा वाढला. हे काम कायद्याच्या तालमीवाचून होण्याजोगे नव्हते, आणि त्याच्या निकालात सरकारचे प्रत्यक्ष हितही गुंतलेले नव्हते. फौजदारी बाजूची गोष्ट वेगळी. सारा, अबकारी आणि जंगल या तिन्ही खात्यांच्या हुकुमांमागील अखेरचे बळ मॅजिस्ट्रेटची शिक्षा हेच होते. ते बळ मुलकी खात्यापासून तोडण्यास सरकार राजी झाले नाही, यात नवल नाही.

जंगलाच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट होते. वऱ्हाडातील सरकारी जंगलांचे लाकूड-जळणासाठी राखलेली, गवताची कुरणे आणि चराईची राने असे तीन वर्ग होते. ज्या रानात पूर्वी गुरे मोकळी चरत, तेथे परवाना व फी आली. लाकडाची मोळी किंवा गवताचा भारा यांवरून माणूस आरोपी होऊ लागला, आणि त्याच्यापुढे बसलेला मॅजिस्ट्रेट त्याच सरकारच्या उत्पन्नाची काळजी वाहणाऱ्या खात्यातील असे.

म्हणूनच १९३० च्या कायदेभंगात या जिल्ह्याने मिठाऐवजी जंगलाचा कायदा निवडला, यास केवळ समुद्र दूर असल्याचेच कारण नव्हते. १० जुलै १९३० रोजी माधव श्रीहरी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला व त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. अणे मूळचे वणीचे आणि यवतमाळ येथे वकिली केलेले. या न्यायालयांची अंतर्बाह्य ओळख असलेला माणूस आता त्यांच्यापुढे आरोपी म्हणून उभा राहिला. त्याच महिन्यात नागपूरचे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ सत्याग्रह केला. त्यांना पीनल कोडाच्या ११७ व ३७९ या कलमांखाली एकूण नऊ महिन्यांची शिक्षा झाली. ३७९ वे कलम चोरीचे आहे. गवत कापणे हा हक्काचा प्रश्न आहे असे सत्याग्रही म्हणत होते. न्यायालयाच्या भाषेत ती चोरी ठरली. हक्काचा वाद गुन्ह्याच्या रूपाने मुलकी खात्याच्याच मॅजिस्ट्रेटपुढे नेणारी ही व्यवस्था या खटल्यांनी उघडी केली.

यानंतरचे बदल वरून खाली आले. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट स्थापन होऊन सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्याच वर्षी निजामाचे सार्वभौमत्व मान्य करूनच वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर एकत्र चालविण्याचा नवा करार झाला, आणि १९४१ च्या कायद्याने वऱ्हाडातील कायद्यांची गुंतागुंत बरीच उलगडली. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ५० व्या कलमाने न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून अलग करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर न्यायिक मॅजिस्ट्रेट हायकोर्टाच्या नियंत्रणाखाली आणले. जमाव व शांतता यांसंबंधीचे प्रतिबंधक अधिकार मात्र कार्यकारी मॅजिस्ट्रेटांकडे, म्हणजे कलेक्टर व तहशीलदार यांच्याकडेच राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही वाटणी कायम आहे.

या सर्व वृत्तान्तावरून एक गोष्ट निष्पन्न होते. यवतमाळ जिल्ह्यात सार्वभौमत्वाचा प्रश्न कितीही गुंतागुंतीचा असला, तरी रयतेच्या दृष्टीने सत्तेचे रूप ठरविणारी बाब ती नव्हती. तहामागून तह झाले, रेसिडेंट जाऊन चीफ कमिशनर आला, जिल्ह्याचे नाव बदलले. पण तालुक्याच्या कचेरीत सारा घेणारा आणि शिक्षा देणारा एकच राहिला. राज्य कुणाचे यापेक्षा न्यायाधीश कुणाच्या हाताखाली, हा प्रश्न या जिल्ह्याच्या न्यायव्यवस्थेचा इतिहास समजून घेण्यास अधिक उपयोगी आहे.