बुळकांडीचा पाठलाग

बुळकांडी म्हणजे काय, हे आज खेड्यातील तरुण शेतकऱ्यालाही समजावून सांगावे लागते. त्याच्या आजोबांना ते सांगण्याची गरज नव्हती. जनावराने चारा टाकला, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागले, हिरड्यांवर कोंडा पसरावा तसे चट्टे उठले आणि मग हगवण लागली, की पुढे काय होणार हे घरच्या माणसांना ठाऊक असे. थोड्याच दिवसांत गोठा रिकामा होई. पेरणीच्या तोंडावर बैल गेले तर सावकाराच्या दारी उभे राहण्यावाचून गत्यंतर नसे. कित्येक प्रांतांत या रोगाला देवीचा कोप समजत आणि उपायही त्याच धर्तीचे योजीत.

या रोगाची पद्धतशीर सरकारी चौकशी झाली ती १८६८ साली नेमलेल्या आयोगाकडून. पशुवैद्य हॅलन हे त्याचे अध्यक्ष होते. १८७१ च्या त्यांच्या अहवालात साथींची वर्णने विपुल आहेत. रोगाचे कारण मात्र त्यात सापडणे शक्यच नव्हते, कारण जंतुशास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. अहवालानंतर प्रयोगशाळा उभी राहण्यास आणखी अठरा वर्षे लागली. सरकारी कागदांची चाल ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

ही प्रयोगशाळा निघाली पुण्यात. १८८९ च्या डिसेंबरात तेथील विज्ञान महाविद्यालयात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली आणि विलायतेहून आलेल्या आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे तिची सूत्रे गेली. लिंगार्ड यांचे आरंभीचे पुष्कळसे श्रम ‘सरा’ या घोड्यांच्या रोगावर खर्च झाले. घोडदळाचा घोडा सरकारच्या मालकीचा आणि नांगराचा बैल रयतेचा, हा भेद येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. तथापि गुरांच्या साथींचा अभ्यास करावयाचा, तर संसर्गजन्य रोगाची जनावरे भर वस्तीच्या शहरात बाळगणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. पुण्याचा संबंध अशा रीतीने अवघ्या चार वर्षांत संपला.

नवी जागा एकांताची होती, हवा थंड होती, आणि आणखी एक गोष्ट तेथे हाताशी आली. मैदानातल्या गुरांच्या अंगी या रोगाशी झगडण्याची काहीशी उपजत शक्ती असते. कुमाऊँची डोंगरी गुरे मात्र त्याला चटकन बळी पडत. त्यामुळे रोगबीज जोपासण्यास आणि प्रतिबंधक द्रव्यांची परीक्षा घेण्यास ती फार उपयोगी ठरली.

१८९७ साली लिंगार्ड यांच्या निमंत्रणावरून जर्मनीचे विख्यात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरी आले. गाफ्की आणि फायफर हे त्यांचे सहकारीही तेथे आले होते. कॉख त्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे याच रोगावर काम करीत होते. आफ्रिका खंडातील गुरांचा या साथीने त्या दशकात अक्षरशः संहार चालविला होता. रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचले तर त्याचा बचाव होतो, असे त्यांना आढळले होते. परंतु पित्तासाठी आधी एक जनावर मरावे लागे, आणि मिळे ते थोडे. म्हणून मुक्तेश्वरची मदार पुढे रक्तरसावर राहिली. रोगातून उठलेल्या जनावराला रोगी रक्त वारंवार टोचावयाचे आणि मग त्याच्याच रक्तातून रस काढावयाचा, अशी ही पद्धत होती. हे काम रुळत होते तोच १८९९ साली प्रयोगशाळेची इमारत आगीत भस्मसात झाली. ती पुन्हा उभी राहिली. रक्तरसाची मागणी इतकी वाढली, की १९१३ साली बरेलीजवळ इज्जतनगर येथे मैदानी शाखा काढावी लागली.

रक्तरसाचा गुण मात्र थोडे दिवसच टिके. गावात साथ शिरली असता तो टोचून बाकीची गुरे वाचविता येत. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रसंग. टिकाऊ संरक्षण हवे असेल तर रक्तरसाच्या जोडीला जिवंत रोगबीज असलेले रक्त टोचावे लागे, आणि त्या रक्तातून गोचीड-तापासारख्या रोगांचे परोपजीवी नव्या जनावरात शिरत. एक रोग टाळावा तर दुसरा पदरात, अशी ही अडचण होती.

ती सोडविण्याच्या प्रयत्नात जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात शेळीची मदत घेतली. गाईबैलांच्या रक्तातील ते परोपजीवी शेळीत तग धरीत नाहीत. तेव्हा रोगबीज एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे नेत राहिले तर ते शुद्ध मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. शेकडो शेळ्यांमधून गेल्यावर ते शुद्ध तर झालेच, पण गुरांच्या बाबतीत मवाळही झाले. रक्तरसावाचून टोचले तरी मैदानी गुरे थोडा ताप सोसून उठत आणि वर्षानुवर्षे सुरक्षित राहत. शोधावयास निघाले एक आणि सापडले त्याहून मोठे, असे येथे घडले. पुढील दशकात ही लस देशभर वापरात आली.

इलाज हाती आल्यावर रोग हटण्यास सुमारे सत्तर वर्षे का लागावीत? एक कारण लशीतच होते. डोंगरी आणि विलायती संकराच्या गुरांना शेळीची लस जड जाई, प्रसंगी प्राणघातकही ठरे. ही उणीव केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनाच्या पद्धतीने केलेल्या लशीने १९६० च्या सुमारास भरून काढली. परंतु मोठे कारण धोरणात होते. साथ दिसेल तेथे ती विझवावयाची, एवढेच दीर्घकाळ उद्दिष्ट होते. रोगाचा समूळ उच्छेद कोणी मनात धरला नव्हता. तो धरला गेला १९५४ साली, राष्ट्रीय निर्मूलन योजनेने. गावोगाव, गोठ्यागोठ्यांतून टोचणारांची पथके फिरली. उत्तरेत रोग मागे हटला. दक्षिणेत तो बाजारांच्या व व्यापाऱ्यांच्या वाटांनी पुनःपुन्हा डोके वर काढीत राहिला. त्यातच १९८७ साली तामिळनाडूत शेळ्यामेंढ्यांचा एक सदृश पण निराळा रोग ओळखला गेला, आणि पूर्वी शेळ्यांतील बुळकांडी म्हणून नोंदलेले प्रकार खरोखर कशाचे होते, हा प्रश्न उभा राहिला.

देशातील अखेरची साथ १९९५ साली तामिळनाडूतच झाली. त्यानंतरचे काम सर्वांत अवघड होते : टोचणे थांबवावयाचे. लस चालू असेपर्यंत रोग गेला की केवळ दबला आहे, हे सिद्ध करता येत नाही. ज्या खात्याने चाळीस वर्षे टोचणीचे आकडे वाढविण्यात धन्यता मानली, त्यालाच आता हात आवरून लक्षावधी गुरे उघडी ठेवावी लागली आणि खेडोपाडी पाहणी करीत वाट पाहावी लागली. २००६ साली भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेने मान्य केले. २०११ साली सारे जग मुक्त झाल्याचे घोषित झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

रोगबीजाचे नमुने तेवढे काही मोजक्या प्रयोगशाळांत उरले. इंग्लंडमधील पिरब्राइट येथे असलेला त्यांचा मोठा साठा २०१९ साली नष्ट करण्यात आला.