माथेरानचा घोडा आणि त्याच्या पुढे चालणारा माणूस

मंडळी, इथून पूनम सागरहून सकाळी निघालं, दादरला गाडी बदलली, की दुपारच्या आत नेरळ. तुमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातला पहिला घोडा माथेरानलाच पाहिला असेल. आज त्या घोड्याविषयी बोलू.

इतिहास सहसा 1850 पासून सांगतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षी डोंगरावर चढले. आपलं भाईंदरही त्याच ठाणे जिल्ह्यातलं, माथेरान मात्र आज रायगडात. मॅलेटनी माथेरान ‘शोधलं’ असं म्हणतात. पण ठाकूर, कातकरी, धनगर या रानात वावरतच होते, त्यांना कसला शोध लागायचा होता? पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन आले, बंगले उठले, 1856 मध्ये नेरळपर्यंत रेल्वे पोचली. तिथून वर मात्र घोडा, पालखी, नाहीतर पायी.

1907 मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने छोटी गाडी आणली. घोडा संपायला हवा होता, नाही का? संपला नाही. कारण गाडी स्टेशनात थांबते आणि पॉइंट राहतात रानात. शिवाय वर मोटारींना बंदी. म्हणजे पाहुणा काय, सिमेंटच्या गोणी काय, वाहणार कोण? 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं, बंदी आणखी पक्की झाली.

आता गंमत बघा. फोटोत लगाम आपल्या हातात असतो, पण घोडा ऐकतो पुढे चालणाऱ्याचं. तो लाल धुळीतून चालत लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर अशी साहेबी नावं घडाघडा सांगत जातो. आपण ते ऐकतो आणि विसरतो. मला विचाराल तर माथेरानचा तोंडी इतिहास त्याच्याकडेच आहे, आणि तो फारसा कुणी लिहून घेतलेला नाही.

हे आत्ताच का म्हणतोय? डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, आणि ते योग्यच झालं. माणसाने माणूस ओढू नये. पण घोडेवाल्याचा प्रश्न वेगळा आहे. दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतचं भाडं रिक्षाकडे गेलं, तर त्याच्याकडे फक्त पॉइंटची फेरी उरते. तीही पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. घोड्याला मात्र बारा महिने चारा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी घोडा ठरवताना कोणते पॉइंट, किती वेळ, हे आधी विचारा, आणि निघाल्यावर त्याच्या घरात हा धंदा कोणी सुरू केला तेही विचारा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.