गुडघ्यांवर बसलेली तीन माणसं

आजचा भाग ऐकण्याआधी एक छोटं काम करा. फोनवर गुस्ताव्ह कायबोत हे नाव शोधा आणि त्याचं १८७५ सालचं फरशी तासणाऱ्या कामगारांचं चित्र उघडा. बसमध्ये असाल तर नंतर बघा, तोवर मी सांगतो त्यात काय आहे.

पॅरिसमधली एक रिकामी खोली आहे. समोर खिडकी, तिच्याबाहेर लोखंडी नक्षीची गॅलरी. खिडकीतून आलेला उजेड लाकडी जमिनीवर पसरलाय. त्या जमिनीवर तीन माणसं उघड्या अंगानं गुडघ्यांवर बसून, हात लांब करून फळ्या तासतायत. उजवीकडे दारूची बाटली आणि पेला. आणि सगळीकडे लाकडाच्या गुंडाळलेल्या साली पडल्यायत, आपल्याकडे सुतारानं रंधा मारल्यावर पडतात तशाच.

आता फळ्यांकडे नीट बघा. काही पट्टे काळपट, चकचकीत. काही फिके, कोरडे. काळपट आहेत ते अजून तासायचेत, फिके तासून झालेत. म्हणजे कामाची पद्धतच चित्रात आहे. फळीला फळी जिथे भिडते ती उंच कड रंध्यानं उतरवायची, मग उरलेला भाग दोन्ही हातांत पोलादी पातं धरून खरवडायचा. पात्याची धार गेली की कानशीनं परत लावायची.

कायबोत स्वतः पैसेवाल्या घरातला. वडिलांनी सैन्याला कापड पुरवून संपत्ती कमावलेली. त्यानं हे चित्र पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाला, म्हणजे सलोंला पाठवलं. परीक्षकांनी ते नाकारलं. शेतात राबणारे शेतकरी चित्रात चालायचे, पण शहरातले उघडे मजूर? ते नको! मग १८७६ साली इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लागलं. तिथेही टीका झालीच. एमिल झोलाला ते इतकं हुबेहूब वाटलं की त्यात कला उरली नाही असं त्याचं मत पडलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी झोलाची पॅरिसच्या कामगारवस्तीवरची 'लासोम्वार' ही कादंबरी क्रमशः छापून यायला लागली होती. आज हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मानानं लावलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, जमीन तासण्यात एवढा इतिहास कसला? माझंही तेच मत होतं. मग आमच्या घरी आजीच्या सागवानी कपाटाला पॉलिश करायला सुतारकाका आले. पॉलिशचं काम एका दिवसाचं, पण त्याआधी तीन दिवस ते नुसतं घासत होते. मी विचारलं, "काका, डायरेक्ट पॉलिश मारलं तर?" ते हसले. म्हणाले, "पॉलिश काही लपवत नाही रे. उलट दाखवतं."

हे शंभर टक्के खरं आहे. कोरड्या लाकडावरचा ओरखडा डोळ्यांना दिसत नाही. त्यावर तेल किंवा व्हार्निश गेलं की तोच ओरखडा गडद होऊन वर येतो. रेषांच्या आडवा घासलेला असेल तर जास्तच. म्हणून लाकडाच्या जमिनीला आधी जाड पेपर लावतात, ३६ किंवा ४० नंबरचा. मग ६०, मग ८०, मग १००. नंबर वाढतो तसे कण बारीक होतात, कारण तो आकडा मूळचा चाळणीचा: एका इंचात जितकी जास्त छिद्रं, तितकी बारीक पूड खाली पडणार. प्रत्येक पेपरचं काम एकच, आधीच्या पेपरनं पाडलेले ओरखडे काढणं. मधली पायरी गाळली की ते राहून जातात.

हा पॉलिश पेपर कायबोतच्या काळात होता बरं का. लंडनमध्ये जॉन ओकीनं १८३३ पासून काचेची पूड कागदावर चिकटवून विकायला सुरुवात केली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत व्हरमाँटच्या आयझॅक फिशरनं अशा कागदाचं पेटंट घेतलं. पण अख्खी खोली हातानं कागद घासून कोण तासणार? तिथे पातंच चालायचं.

मग १९०२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये, सुपीरियर सरोवराच्या काठी, पाच जणांनी खाणकंपनी काढली. त्यांना वाटलं आपल्याला कुरुंद सापडलाय. कुरुंद म्हणजे धार लावायचा तो कठीण दगड. इंग्रजीतलं 'कोरंडम' हे नावही आपल्या दक्षिणेकडून, तमिळमधून तिकडे गेलेलं. पण सापडलेला दगड कुरुंद नव्हताच, घासकामाला फारसा उपयोगाचा नाही असा निघाला! खाण बुडाली, तेव्हा कंपनी बाहेरून खनिज आणून पॉलिश पेपर बनवायला लागली. तीच आजची थ्रीएम. हो, चिकट रंगीत चिठ्ठ्यावाली.

विसाव्या शतकात विजेवर चालणारी यंत्रं आली. फिरत्या ड्रमला पेपर गुंडाळायचा आणि उभ्यानं चालत जमीन घासायची. गुडघे सुटले! चालू ड्रम एका जागी थांबला तर खड्डा पडतो, म्हणून हात बसावा लागतो, पण काम कितीतरी पटींनी वेगानं व्हायला लागलं.

आणि इथेच गोष्ट फिरते. परत चित्र बघा. जमिनीवर साली आहेत. पात्यानं निघालेली साल खाली पडते, झाडूनं गोळा होते. पेपरनं साल निघत नाही, पूड निघते. आणि यंत्र ती पूड हवेत उडवतं, थेट नाकाच्या उंचीला.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्या बनवण्यासाठी प्रसिद्ध. १९६०च्या दशकात तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येतोय, आणि रुग्ण फर्निचर कामगार आहेत. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आजार धूळ खाल्ल्यावर कित्येक दशकांनी उठत होता, म्हणून इतकी वर्षं कुणाला संबंध कळला नव्हता. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. याचा अर्थ दोघांचा धोका सारखा असा नाही. अर्थ इतकाच की पुरावा पक्का आहे.

म्हणजे यंत्रानं गुडघे वाचवले आणि नाकावर नवं संकट आणलं. उपायही आहेत: यंत्राला जोडलेली धूळ ओढणारी पिशवी, चांगला मास्क, उघडी खिडकी. पण ते विकत कोण घेणार? काम करणारा, की ज्याची जमीन चकाकणार आहे तो?

मला सुतारकाका आठवले. तीन दिवस आमच्या बंद खोलीत, नाकाला साधा रुमाल बांधून. खिडकी आम्हीच बंद ठेवायला सांगितली होती, धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून! शेजाऱ्यांची काळजी घेतली, काकांची घेतली नाही. हे मला हा भाग लिहिताना कळलं. कपाट आता इतकं सुंदर झालंय की त्यात चेहरा दिसतो, आणि मला आताशा त्यात जरा ओशाळल्यासारखं होतं.

मागच्या आठवड्यात काकांना फोन केला. दिवाळीआधी दाराचं काम आहे. मास्क मी आणून ठेवलाय, काम अंगणात करायचं ठरलंय. काका म्हणाले, "मास्कमध्ये गुदमरतं रे पोरा." मी म्हटलं, "काका, चहाला काढा, घासताना नको." बघू, ऐकतात का.

तुमच्या घरी कुणी घासकाम करत असेल तर आज एवढंच करा, खिडकी उघडा. भेटू पुढच्या भागात!