दिमतीच्या मोटारीचा कर

पेशवाईत ज्या मुत्सद्द्यास पालखीचा मान मिळे, त्यास तिच्या खर्चाकरिता सरकारातून निराळी नेमणूकही होत असे. परंतु असा लाभ उत्पन्नात धरून त्यावर कर आकारण्याचा प्रश्नच, 1860 साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर आणीपर्यंत, उद्भवण्याचे कारण नव्हते. धनी आपल्या चाकरास रोख मुशाहिऱ्याखेरीज जे ऐनजिनसी सुख देतो त्याचे मोल कसे ठरवावयाचे, हा वाद इंग्लंडच्या उमरावसभेपुढे 1892 साली आला. स्कॉटलंडमधील माँट्रोझ गावी एका बँकेच्या अधिकाऱ्यास बँकेच्याच इमारतीत राहणे भाग होते. त्या बिऱ्हाडाचे पैशात रूपांतर करण्याची त्यास मुभा नसल्याने ते त्याचे उत्पन्न होत नाही, असा निवाडा ‘टेनंट विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात झाला.

या निवाड्यात तर्काची शुद्धता होती, पण तिचा फायदा पुढे ज्यांना घेता आला ते मोठ्या पगाराचेच लोक होते. ब्रिटिश संसदेने 1948 साली संचालकांस व 2,000 पौंडांहून अधिक मिळकतीच्या नोकरांस या लाभांबद्दल कराच्या कक्षेत आणले. तथापि 1970 नंतरच्या दशकात सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले तेव्हा, जी बढती रोखीने देता येईना ती मोटारीच्या रूपाने देण्याची वहिवाटच तेथे पडली. मग 1976 च्या वित्त अधिनियमाने इंजिनाच्या आकारावरून ठोक रकमा ठरविल्या आणि 1994 पासून मोटारीच्या छापील किमतीच्या 35 टक्के रक्कम लाभ म्हणून धरली जाऊ लागली. कामासाठी वर्षात 2,500 मैल फिरणाऱ्यास तीत एक तृतीयांश व 18,000 मैल फिरणाऱ्यास दोन तृतीयांश सूट होती. या सुटीचा परिणाम असा झाला की वर्षअखेरीस ज्याचे मैल थोडक्यात कमी पडत, त्यास कर वाचविण्याकरिता अकारण प्रवास करणे किफायतशीर ठरे. म्हणजे इंधनाची नासाडी खुद्द कायद्यानेच फलदायी केली होती. 2002 साली धुरातील कर्बवायूचे प्रमाण हा निकष ठरला, तेव्हा हा दोष दूर झाला.

आपल्याकडे 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम 17 ने असे लाभ पगारात धरले व त्यांचे मोल ठरविण्याचे काम नियम 3 कडे सोपविले. घर ते कचेरी हा प्रवास इंग्लंडात खाजगी समजला जातो; आपल्या कायद्याने तो लाभ मानला नाही, आणि दूरच्या उपनगरांतून कामावर येणाऱ्या मुंबईसारख्या शहरातील नोकरदाराकडे पाहता हा विचार मला न्याय्य वाटतो. परंतु 2005 साली पी. चिदंबरम यांनी अनुषंगिक लाभांवरील कर आणून हे ओझे नोकराच्या शिरावरून कंपनीच्या शिरावर टाकले. मोटारींच्या चालनावर, दुरुस्तीवर व घसाऱ्यावर जो खर्च होई, त्याचा पाचवा हिस्सा नोकरांचा लाभ मानून त्यावर 30 टक्के कर बसे. मोटार केवळ मालकाच्या कामासाठी फिरली असली तरी हे गृहीतक ढळत नसे. ज्याने लाभ भोगला तो मोकळा आणि ज्याने भोगला नाही त्याच्या खात्यावरही बोजा, अशी ही विपरीत व्यवस्था होती. प्रणव मुखर्जी यांनी 2009 च्या अर्थसंकल्पात ती रद्द केली.

त्यानंतरच्या नियमाप्रमाणे, सर्व खर्च मालक करीत असून मोटार काम व खाजगी अशा दोन्हीकरिता वापरली जात असेल, तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनास दरमहा 1,800 रुपये व त्याहून मोठ्यास 2,400 रुपये, शिवाय चालक असल्यास 900 रुपये, एवढा लाभ धरला गेला. मोटार केवळ कामाचीच असल्याचे सिद्ध करावयाचे तर तारीख, ठिकाण, अंतर व खर्च यांची नोंदवही आणि मालकाचा दाखला लागे. ठोक रकमेने दप्तराचा त्रास वाचतो, हे खरे. पण पेट्रोल व मोटारी महागत गेल्या असताना या रकमा वर्षानुवर्षे तशाच राहिल्या, आणि लाखोंची आलिशान मोटार व साधी मोटार, इंजिन सारखे असल्यास, एकाच मोलाच्या ठरल्या. पगाराच्या पै न् पैचा कर मुळातच कापला जाणाऱ्या कारकुनावर हा अन्याय आहे; म्हणून मोटारीच्या किमतीवरून लाभ मोजावा व ते प्रमाण ठराविक मुदतीने तपासले जावे, अशी मागणी करदात्यांनी आग्रहाने केली पाहिजे.