बहात्तरचा दुष्काळ आणि आप्पांचं वजन

विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात आप्पा वजनकाट्यावर चढले. ९२ किलो. उंची १६५ सेंटिमीटर. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, बीएमआय ३४. घरात आम्ही हेच वेगळ्या शब्दांत सांगत आलो होतो, 'तोंडावर ताबा ठेवा जरा.' सगळ्यात जास्त वेळा मीच.

बहात्तरच्या दुष्काळात आप्पा बारा वर्षांचे होते. आजीबरोबर खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो, कामावर सुकडी. आजही ते ताटात शीत ठेवत नाहीत. अंगानं भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, हीच त्या पिढीची समजूत. तो आजार असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

योगायोग असा, की 'बॉडी मास इंडेक्स' हे नावही १९७२चंच. सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या केतलेचं. नाव दिलं अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी, पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं तपासून. त्यांत भारत नव्हता.

याच कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन जवळपास पाव हिश्शानं उतरलं. पुढे पोटभर मिळू लागलं तरी अनेकांची भूक महिनोन्‌महिने शमेना, आणि अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. याचं एक कारण १९९४मध्ये हाती लागलं, लेप्टिन. चरबी या संप्रेरकातून मेंदूला निरोप पाठवते. चरबी घटली की निरोप क्षीण होतो आणि भूक वाढते. डाएट सुटताच वजन परत येतं, त्यात निव्वळ आळस नसतो.

कीज यांच्या यादीत नसलेला भारत पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोजला. १९९३पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनं हलकी, पण त्या मानानं चरबी टिकून असलेली. २००४मध्ये 'लॅन्सेट'नं याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अशा संशोधनामुळेच आपल्याकडे लठ्ठपणा २५पासून धरतात आणि कंबरही मोजतात. पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

अमेरिकन मेडिकल असोसिएशननं लठ्ठपणाला आजार म्हटलं ते २०१३मध्ये. आता सेमाग्लुटाइडसारखी भूक आवरणारी इंजेक्शनं आहेत, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही. पण इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश परत आलं, असं एका चाचणीत दिसलं.

डॉक्टरांनी आहार, चालणं, झोप, औषधं असं सगळं समजावलं. आप्पांनी विचारलं, "इंजेक्शन किती दिस घ्यावं लागंल?"

"बीपीची गोळी कधीपासून घेता?"

"बारा वर्षं झाली की."

"हेही तसंच समजा."

आप्पा माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं.

त्या रात्री आईनं त्यांना लहान ताटात वाढलं. आप्पांनी नेहमीसारखं ताट पुसून घेतलं. मी काही बोललो नाही.